जे उडून गेलं नाही

एक किलो वाळकं लाकूड घ्या आणि ते पूर्ण जळू द्या. शेवटी उरलेली राख तोलली तर दहा ग्रॅम भरेल, जाड सालीचं लाकूड असेल तर फार तर वीस. मूठसुद्धा भरत नाही. बाकीचं नऊशे ऐंशी-नव्वद ग्रॅम लाकूड गेलं कुठे? जिथून आलं होतं तिथे, हवेत. झाड उभं होतं तेव्हा पानांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढला, मुळांनी पाणी पुरवलं आणि उन्हाच्या जोरावर त्या दोन्हींचं लाकूड झालं. आग हाच व्यवहार उलट्या दिशेने करते. कार्बन डायऑक्साइड आणि वाफ आभाळात परत जातात आणि साठवलेलं ऊन ऊब आणि उजेड होऊन बाहेर पडतं. चुलीत उरतं ते हवेतून आलेलं नव्हतंच. ते झाडाने मुळांवाटे मातीकडून उसनं घेतलेलं असतं, म्हणून ते उडून जाऊ शकत नाही.

ही साधी वाटणारी गोष्ट उमगायला माणसाला फार वेळ लागला. ब्रुसेल्सकडचा यान बाप्टिस्टा व्हान हेल्माँट हा वैद्य आणि रसायनज्ञ. त्याने एका मोठ्या कुंडीत दोनशे पौंड वाळवलेली माती भरली, तिच्यात पाच पौंड वजनाचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं त्याला पाण्याशिवाय काही दिलं नाही. झाड १६९ पौंडांचं झालं. मग माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती सुमारे दोन औंस, म्हणजे साठ ग्रॅमच्या आत-बाहेर, कमी भरली. हे सगळं छापून आलं १६४८ साली, तो गेल्यावर चार वर्षांनी. त्याचा निष्कर्ष असा की झाड म्हणजे निव्वळ पाणी. लाकूड जळताना निघणाऱ्या वायूवर स्वतः काम केलेल्या माणसाला झाडाच्या बाबतीत हवा आठवू नये, हे मोठं आश्चर्य आहे. आणि ते दोन औंस? त्यांच्याकडे त्याने लक्षच दिलं नाही. मला तर त्या प्रयोगातला सगळ्यात मोलाचा आकडा तोच वाटतो. पुढे १८०४ साली जिनिव्हाच्या निकोला तेओदोर द सोस्यूरने तऱ्हेतऱ्हेच्या झाडांच्या राखा तपासून दाखवलं की राखेतले क्षार मुळांवाटे मातीतून येतात आणि झाडाला ते लागतात. दोन औंसांना अर्थ मिळाला तो तेव्हा.

लाकडाच्या राखेत सगळ्यात जास्त असतो कॅल्शियम, मुख्यतः कार्बोनेटच्या रूपात. चुन्याच्या कुळातलाच तो. त्याच्या खालोखाल पोटॅश, शेकडा पाचच्या आसपास. मग मॅग्नेशियम, एक-दोन टक्के स्फुरद, आणि चिमूट-चिमूट जस्त, मँगेनीज, बोरॉन, तांबं. काय नसतं हे त्याहून महत्त्वाचं. राखेत नत्र नसतं. पानं हिरवीगार करणारं, पालेभाजीला सगळ्यात आधी लागणारं नत्र धुराबरोबर निघून गेलेलं असतं. म्हणून राख हे 'संपूर्ण खत' असल्याच्या थाटात कुणी मेथी-पालकाच्या वाफ्यात टोपलीभर राख ओतली की माझ्या पोटात गोळा येतो.

आता प्रश्न असा की नवीन पनवेलमध्ये राख आणायची कुठून? दिवाणखान्यात शेकोटी पेटवावी अशी थंडी इथे पडत नाही. जानेवारीतल्या एखाद्या पहाटे कुणी स्वेटर घातला तर शेजारी चौकशी करतात. पाणी तापवायचे तांब्याचे बंब गेले, चुली गेल्या. तरी शोधणाऱ्याला राख सापडते. हॉटेलातल्या तंदूरखाली असते. पावसात कणसं भाजणाऱ्याच्या शेगडीत असते. होळीच्या दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या कोपऱ्यात असते. थंडीत रायगडातल्या शेतांवर पोपटी लागते, वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात दडपून मडकं उलटं भाजतात, तेव्हा सकाळी त्या जागी राखेचं वर्तुळ उरलेलं असतं. आणि नेरेवरून पुढे मालडुंगे, धोदाणीकडे, माथेरानच्या पायथ्याच्या ठाकूरवाड्यांमध्ये चुली अजून रोज पेटतात.

मात्र कुठलीही करडी भुकटी म्हणजे राख नव्हे. इस्त्रीवाल्याच्या इस्त्रीत लाकडी कोळसा आहे की दगडी, हे विचारून घ्यावं. दगडी कोळशाच्या राखेत शिसं, आर्सेनिक यांसारखे विषारी धातू असू शकतात. ती भाजीत नको. फर्निचरवाल्याकडचे प्लायवूडचे तुकडे, रंगवलेल्या चौकटी, शेगडी पेटवायला आत सारलेली प्लॅस्टिकची पिशवी, यांतलं काहीही जळलं असेल तर ती राख कचऱ्यातच जावी. होळीबाबत हाच संशय धरावा. होळीत हल्ली लाकडाबरोबर काय काय जातं, ते सगळ्यांना दिसतं.

खरं तर या मातीला राखेची ओळख आपण करून द्यायची गरज नाही. सिडको १९७० साली स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांची जमीन घेतली गेली. त्या जमिनीतला बराच भाग भातखाचरांचा होता. आज जिथे सेक्टरांचे फलक आहेत तिथे उन्हाळ्यात प्रत्येक शेताच्या एका कोपऱ्यात काळा, भाजलेला चौकोन असायचा. तो राब. नेऱ्याच्या रस्त्याने एप्रिलमध्ये गेलात तर अजूनही दिसतो.

राब म्हणजे भाताची रोपं तयार करायच्या जागेवर केलेली भाजणी. शेतकरी आधी शेण किंवा शेणी पसरतो, त्यावर कवळ, म्हणजे झाडांच्या पानांसकट छाटलेल्या फांद्या रचतो, त्यावर गवत आणि पालापाचोळा, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा थर. मातीचा थर कशाला? राख वाऱ्याने उडू नये आणि आग भडकण्याऐवजी आतल्या आत धुमसत राहावी म्हणून. आग लावतात तीही वारा जिकडे जातो त्या टोकाला. ज्वाळेला वाऱ्याच्या विरुद्ध सरकावं लागतं, त्यामुळे ती सावकाश चालते आणि खालच्या जमिनीला पुरेशी धग बसते. मृगाचा पाऊस पडला की त्या भाजलेल्या जागेत बी पेरायचं, तीन-चार आठवड्यांनी आवण, म्हणजे तयार झालेली रोपं, उपटायची आणि चिखलणी केलेल्या खाचरात लावायची. एक हेक्टर लावणीला साधारण दहा गुंठे रोपवाटिका लागते, म्हणजे शेताचा दहावा हिस्सा भाजायचा. उरलेल्या नऊ हिश्श्यांना त्या भाजणीचा फायदा फक्त रोपांच्या अंगातून पोचतो.

या दहाव्या हिश्श्यापायी एकोणिसाव्या शतकात मोठं रामायण झालं. राबाला कवळ लागायची ती आजूबाजूच्या जंगलातून यायची, विशेषतः ऐनाच्या झाडांची. दरवर्षी फांद्या छाटून छाटून ऐन नुसते खांबासारखे उभे. इंग्रजांच्या वनखात्याला हे बघवेना. १८७८ च्या वन कायद्यानंतर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत कवळ तोडण्यावर बंधनं येत गेली. शेतकऱ्यांचं म्हणणं सरळ होतं: कवळ नाही तर राब नाही, राब नाही तर भात नाही. ओरड इतकी वाढली की मुंबई सरकारला १८८५ साली वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. वनखात्यातल्या बऱ्याच साहेबांच्या लेखी राब ही अडाणी उधळपट्टी होती. शेतकऱ्याला राब का चालतो ते रसायनाच्या भाषेत सांगता येत नव्हतं, आणि साहेबालाही तो का चालू नये ते सांगता येत नव्हतं. दोन्ही बाजूंना एकच गोष्ट दिसत होती: राखेचा ढीग.

मला या प्रकरणातला पुढचा भाग सगळ्यात जास्त आवडतो. हॅरल्ड मान हे १९०७ च्या सुमारास पुण्याच्या शेतकी कॉलेजात आले आणि पुढे त्याचे प्राचार्य म्हणून गाजले. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा बारकाईने अभ्यास करून १९१७ साली पुस्तक लिहिणारे मान ते हेच. त्यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर या दोघांना घेऊन राबाचा रासायनिक अभ्यास केला आणि १९१२ साली तो सरकारी शेतकी खात्याच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. कानिटकर म्हणजे पुढे जातेगावच्या अभ्यासात मान यांचे सहलेखक झाले तेच. या तिघांनी विचारलेला प्रश्न असा: राबात रोपं जोमाने येतात ती राखेमुळे, की त्या जागेला बसलेल्या धगीमुळे? राख आणि धग वेगवेगळी करून बघितल्यावर दिसलं की धगीचा स्वतःचा वाटा आहे, आणि तो थोडाथोडका नाही.

धग करते काय? तणाचं बी मारते, हे तर कुणीही सांगेल. चिकणमातीचा भुसभुशीत रवा करते, त्यामुळे आवण उपटताना मुळं तुटत नाहीत. बायांना विचारा, साध्या वाफ्यातली रोपं उपटणं आणि राबातली उपटणं यात हातांना किती फरक पडतो ते. तिसरं काम डोळ्यांना दिसत नाही. तापलेल्या मातीत असंख्य सूक्ष्मजीव मरतात, त्यांच्या शरीरातलं आणि मातीतल्या सेंद्रिय पदार्थातलं नत्र अमोनियमच्या रूपात मोकळं होतं. इंग्लंडात रोदॅमस्टेड इथे रसेल आणि हचिन्सन यांनी १९०९ साली नेमकं हेच दाखवलं होतं: माती तापवून थंड केली की तिच्यातला अमोनिया वाढतो आणि पीक सुधारतं. जीवाणूंना खाणारे प्रोटोझोआ मेल्यामुळे असं होतं, हे त्यांनी दिलेलं कारण पुढे टिकलं नाही. निरीक्षण मात्र टिकलं.

पुन्हा वाचा. जळलेल्या फांद्यांमधलं नत्र धुरात गेलं, राखेत ते शून्य. पण त्याच आगीने खालच्या मातीत अडकलेलं नत्र सुटं केलं. वरून पोटॅश, चुना, स्फुरद, खालून नत्र. पहिल्या पावसात कोवळ्या रोपाला दोन्ही हाताशी. आयोगापुढे बोलणाऱ्या शेतकऱ्याला यातलं एकही नाव ठाऊक नव्हतं, तरी आग सावकाश चालली पाहिजे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. डॉ. व्होल्कर नावाचे इंग्रज शेतीरसायनज्ञ भारतभर फिरून गेले आणि त्यांचा जाडजूड अहवाल १८९३ साली निघाला, त्यातही राबाची चर्चा आहे. इथल्या शेतकऱ्याला सरसकट मागासलेला म्हणू नका, असा त्या अहवालाचा एकूण सूर.

म्हणून राब आज करावा असं मी म्हणणार नाही. त्यात शेण जळतं, पाला जळतो, डोंगर बोडके होतात आणि उन्हाळ्याची संध्याकाळ धुराने भरते. इथून जवळच, नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी घडवलेल्या एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) पद्धतीत तर रोपवाटिका, चिखलणी आणि लावणी हे तिन्ही टप्पेच गाळले आहेत. गादीवाफ्यावर बी थेट टोकायचं. राबच नको.

पण भातातली राख दुसऱ्या दाराने परत आली, आणि ती गोष्ट कुंडीत भाजी लावणाऱ्यांनीही ऐकण्यासारखी आहे. डॉ. नारायण सावंत यांनी भातासाठी 'चारसूत्री' लागवड मांडली. तिचं पहिलंच सूत्र सांगतं की रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख घाला, दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. आणि ती काळसर हवी, पांढरी नको.

तूस ही अजब चीज आहे. शंभर किलो भात भरडला तर सुमारे वीस किलो तूस निघतं. ते जाळलं तर चार किलो राख उरते. लाकूड शंभरातलं एक-दोन टक्के मागे ठेवतं, तूस वीस टक्के! आणि त्या राखेत शेकडा पंच्याऐंशी ते पंच्याण्णव भाग असतो सिलिका, म्हणजे वाळू आणि काच ज्याची बनते ते. भाताचं रोप पाण्यात विरघळलेली सिलिका मुळांनी अक्षरशः उपसतं. वाळलेल्या पेंढ्याच्या वजनात तिचा हिस्सा दहा टक्क्यांच्या पुढेही जाऊ शकतो. हे काम करणारं जनुक जपानमधल्या ज्यान फेंग मा आणि सहकाऱ्यांनी २००६ साली शोधून काढलं. ही सिलिका पानाच्या कातडीत साठते आणि पात टणक, खरखरीत होते. भातखाचरातून उघड्या पोटऱ्यांनी चालून आलेल्या माणसाला ती खरखर माहीत असते. खोडकिड्याच्या अळीला तर ती जबड्याने कुरतडायची असते. पाच मिलिमीटरच्या जबड्यालाही काच खाणं परवडत नाही असं म्हणणार होतो, पण अळीचा जबडा तेवढाही नसतो.

काळसर का हवी? तूस मंद जळलं तर सिलिका अस्ताव्यस्त, काचेसारख्या रचनेत राहते, पाण्यात हळूहळू विरघळते आणि रोपाला मिळते. फार तापून राख पांढरी झाली की सिलिकेचे स्फटिक होतात, आणि त्या वाळूसारख्या कणांना मुळं फारसं काही करू शकत नाहीत. पुन्हा तेच: आग सावकाश हवी.

आता चौरस मीटरला एक किलो हा आकडा ऐकून कुणी लाकडाची राख त्या मापाने वांग्याला घालू नये, म्हणून पुढचं जरा सविस्तर. तुसाची राख बहुतेक सिलिका, तिचा क्षारपणा बेताचा. लाकडाची राख मात्र कडक असते. ताज्या राखेचा सामू (पीएच) दहा ते तेराच्या दरम्यान जातो. हिला चौरस मीटरला शंभर ग्रॅम, तेही वर्षातून एकदा, ही भाजीच्या वाफ्याची कमाल मर्यादा धरावी. एक फूट तोंडाच्या कुंडीचं क्षेत्रफळ होतं चौरस मीटरच्या चौदाव्या हिश्श्याएवढं. म्हणजे सात ग्रॅम. एक भरलेला छोटा चमचा. गॅलरीतल्या टोमॅटोसाठी अख्ख्या वर्षाची राख तेवढीच.

त्या चमच्याचाही उपयोग मातीवर अवलंबून. रायगडात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात. एवढं पाणी मातीतून झिरपतं तेव्हा कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश धुऊन नेतं आणि माती आंबट होत जाते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जांभ्याच्या लाल मातीत हे सगळ्यात ठळक. तिथे लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदालाही धरून बसतात. आंबटपणा थोडा उतरवला की ती पकड ढिली पडते, म्हणून तिथे राख दुहेरी काम करते. पनवेलच्या आसपासची माती काळ्या बेसाल्टच्या खडकाची, ती तितकी आंबट नसते. आणि आपल्या सेक्टरांतल्या अंगणात कितीदा तरी माती नसून बांधकामाचा भराव असतो; त्यात सिमेंटचा चुरा असेल तर तो आधीच चुनखडीयुक्त. तिथे राख घातली की कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसू लागतो. लोह मातीत असतं, पण क्षारपणामुळे रोपाला घेता येत नाही. उलट नर्सरीतून आणलेल्या लाल मातीच्या कुंडीला चमचाभर राख मानवते. मृदा परीक्षण करून घेता आलं तर सगळ्यात बरं. सामूचा एक आकडा कळला की निम्मे वाद मिटतात.

आणि खाडीकाठच्या खारपाटात तर राखेचं नाव काढू नये. पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र आहे. पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या खारं पाणी सोसणाऱ्या भाताच्या जाती तिथल्याच. खारपाटातले शेतकरी मोड आलेलं बी चिखलात फेकायची 'रहू' पद्धत जुन्या काळापासून वापरत आले आहेत. जिथे मिठाने आधीच रोपाचा जीव घेतलाय तिथे आणखी क्षार कोण आणून टाकेल! एकाच तालुक्यात डोंगराच्या बाजूला राख सोनं आणि खाडीच्या बाजूला विष.

राखेचं सगळ्यात मोठं वैर शेणखताशी आणि युरियाशी. जुन्या घरांत चुलीची राख आणि गोठ्याचं शेण एकाच उकिरड्यावर पडायचं, आणि शेणात मुरलेलं नत्र त्या क्षारामुळे अमोनिया होऊन हवेत जायचं. खात्री करायची असेल तर राख कालवलेल्या पाण्यात अमोनियम सल्फेटचे चार दाणे टाका आणि जरा दुरून वास घ्या. नाकाला झोंबतं ते तुमचं खत. ताजं शेण, गोमूत्र, जीवामृत, युरिया यांच्याबरोबर राख कधी घालू नये; मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत. कंपोस्टच्या डब्यात फार आंबट वास येऊ लागला तर चिमूटभर भुरभुरायला हरकत नाही, थर मात्र देऊ नये.

गोगलगायींसाठी रोपाभोवती राखेचं कडं करावं असं पुस्तकांत असतं. ती पुस्तकं कोरड्या देशातली. जुलैत पनवेलला कडं किती मिनिटं कोरडं राहील? मावा आणि भोपळ्यावरचे लाल भुंगे यांच्यासाठी सकाळी दवात भुरभुरलेली राख आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. ती हिवाळ्यात थोडीफार कामी येते. राखेचा खरा पराक्रम पाहायचा तर वालाच्या बरणीत. बियाण्याचे वाल राखेत घोळवून ठेवले की त्यांना भुंगा लागत नाही. राखेत विष नसतं. ती दाण्यांमधल्या फटी भरते, भुंग्याला हिंडायला जागा ठेवत नाही, आणि तिचे बारीक धारदार कण त्याच्या अंगावरचा मेणाचा लेप खरवडतात. लेप गेला की त्याच्या अंगातलं पाणी उडतं. धान्याच्या बरणीत, पाण्याने भरलेल्या कोकणात, भुंगा तहानेने मरतो.

पोटॅश पाण्यात चटकन विरघळतो. एके काळी सगळ्या जगाचा पोटॅश याच गुणामुळे राखेतून यायचा: राख पाण्यात कालवायची, पाणी निथळून घ्यायचं, आटवायचं. साबण, काच, बंदुकीची दारू, सगळ्यांना तो लागायचा. अमेरिकेने दिलेलं पहिलंवहिलं पेटंट, ३१ जुलै १७९० चं, सॅम्युएल हॉपकिन्सला मिळालं ते राखेतून पोटॅश काढायच्या सुधारित रीतीसाठी, आणि त्यावर जॉर्ज वॉशिंग्टनची सही आहे. हम्फ्री डेव्हीने १८०७ साली याच पोटॅशमधून वीज सोडून पोटॅशियम वेगळा केला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत स्टासफुर्टच्या खाणी सुरू झाल्या आणि राखेचा धंदा बसला. आज आपल्या शेतांना लागणारा पोटॅश भारत जवळजवळ सगळा परदेशातून आणतो. कृषी सेवा केंद्रातल्या लाल दाण्यांची पिशवी कॅनडा किंवा रशियासारख्या देशातून आलेली असते.

याच गुणामुळे राख पावसात भिजली की पोटॅश गटारात जातो आणि उरतो नुसता चुना. म्हणून जूनमध्ये गच्चीवरच्या कुंड्यांना राख घालण्यात अर्थ नाही. दसऱ्यानंतर, पाऊस उघडला आणि वांगी, टोमॅटो, वाल, मुळा लावायची वेळ आली की माती हलवून ती मिसळावी आणि आठवड्याने रोपं लावावीत. तोवर चाळून, कोळशाचे तुकडे वेगळे काढून, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी. राख दोन दिवस तरी पूर्ण थंड झालेली असावी. आत एखादा निखारा दडलेला असतो आणि प्लॅस्टिकचा डबा वितळतो. हाताळताना हातमोजे, आणि वाऱ्याकडे पाठ.

डब्यातल्या राखेत अजून किती दम आहे हे बघायला स्वयंपाकघरातली हळद पुरते. कोऱ्या कागदावर ओल्या हळदीचा पट्टा ओढून वाळू द्या. चमचाभर राख अर्धा पेला पाण्यात ढवळून निवळू द्या आणि वरच्या पाण्याचा एक थेंब पट्ट्यावर सोडा. पिवळा पट्टा तिथल्या तिथे लालभडक होईल. हळदीचं कुंकू करतात ते याच रसायनाने. राख पावसात भिजून गेलेली असेल तर रंग फिकट तपकिरीवर थांबतो. तशी राख फेकायची नाही. ती आंबट लाल मातीच्या कुंडीत चुन्याऐवजी चालते, आणि पोटॅशची सोय वेगळी करायची.